कागदाची मागची बाजू

पद्मावतीने ते चित्र स्वतः केलं असेल, यावर माझा एक मिनिटही विश्वास बसला नाही.

चित्र तिच्या नवऱ्याचं, अप्पारावांचं. मागच्या वर्षी ते गेले. जवळून बघितलं तर कागदभर टाइपरायटरची इंग्रजी अक्षरं: एम, एक्स, ओ, आणि टिंबंच टिंबं. चार पावलं मागे सरकलं की अप्पाराव समोर उभे. दाट एमची मिशी, टिंबांचे गाल, आणि चष्म्याच्या काचेवर चमक दाखवायला बरोबर दोन अक्षरांची जागा कोरी सोडलेली. ती कोरी जागा बघूनच माझं डोकं सणकलं. टाइपरायटरवर एक अक्षर चुकलं की कागद वाया. इतकं अचूक काम करणारी बाई टायपिंगच्या लोअर, म्हणजे पहिल्याच, परीक्षेत दोनदा नापास कशी होईल?

आणि ती झाली होती, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? विद्यानगरला सव्वीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली मी. पद्मावती माझी विद्यार्थिनी. तिचं लक्ष कळांपेक्षा मशिनं दुरुस्त करायला येणाऱ्या अप्पारावांकडे जास्त, आणि शेवटी लग्नही त्यांच्याशीच झालं. आता त्यांची मुलगी श्रुती मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. फोटो दिला की कॉम्प्युटर गडद जागी एम आणि फिकट जागी टिंब बसवून अर्ध्या मिनिटात असं चित्र काढून देतो, हे मी मोबाईलवर पाहिलेलं आहे. बाकीचं सांगायला ज्योतिषी कशाला हवा? प्रदर्शनासाठी आलेल्या पद्मावतीच्या प्रवेश अर्जावर मी लाल पेनने 'संशयास्पद' असा शेरा मारून ठेवला.

आमच्या मराठी मंडळाच्या हस्तकला प्रदर्शनाचा नियम स्पष्ट होता, वस्तू हाताने केलेली हवी. परीक्षक मी एकटी. सेक्रेटरी हिम्मतरावांना शंका बोलून दाखवली, तर ते म्हणाले, जाऊ द्या ना बाई, नवऱ्याच्या आठवणीत केलंय तिनं. मी म्हटलं, आठवण वेगळी आणि पहिला नंबर वेगळा.

पण खरं सांगायचं तर मला नियमाचं एवढं प्रेम नव्हतं. मंडळाच्या हॉलमध्ये दारासमोर एकतीस वर्षं एक चित्र टांगलेलं आहे, टाइपरायटरवर काढलेली तुळजाभवानी. खाली पाटी, 'कला: नीलिमा उदगीरकर'. इथल्या मराठी माणसांत माझी जी काही ओळख आहे ती त्या भवानीमुळे. नवीन कुणी आलं की त्याला आधी तिच्यासमोर आणि मग माझ्यासमोर उभं करतात. आणि पद्मावतीचे अप्पाराव माझ्या भवानीपेक्षा सरस होते. जळफळाट झाला माझा, लपवून काय उपयोग.

शिवाय एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. भवानी मी टाइप केली, पण आखली नाही. कोणत्या ओळीत किती जागा सोडायच्या, मग किती एक्स, मग किती टिंबं, हे सगळं चौकटीच्या कागदावर अप्पारावांनी लिहून दिलं होतं. मी ओळीवर पट्टी ठेवून ठोकत गेले. पाटी करायची वेळ आली तेव्हा मी त्यांचं नाव घेतलं नाही. मेकॅनिकचं नाव कुठं पाटीवर घालायचं, असं तेव्हा वाटलं. पुढच्या आठवड्यात ते नेहमीसारखे येऊन मशिनांना तेल घालून गेले.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. दुसऱ्याची लबाडी मला लांबूनही दिसते.

फ्रेम घेऊन मी रिक्षाने मलकपेठला तिच्या घरी गेले. हाताने टाइप केलेलं ओळखायची एक खूण आम्हा टायपिंगवाल्यांकडे असते. कागद उलटा करायचा आणि अंगठा फिरवायचा. टिंबाची कळ जोरात बसते, त्यामुळे मागे बारीक पुरळ उठतं. कॉम्प्युटरच्या प्रिंटची पाठ गुळगुळीत असते. मात्र फ्रेम मालकिणीसमोरच उघडायची, एवढी रीत मी पाळली.

श्रुती ऑफिसला गेली होती. पद्मावतीने चहा ठेवला. कोपऱ्यात जुना टाइपरायटर होता आणि त्यावर धुतलेलं फडकं. मी येणार म्हणून मांडून ठेवला असेल, असं मला वाटलं. फ्रेम उघडू का, विचारलं, तर "हौ, उघडा की" म्हणत तिनंच स्क्रू-ड्रायव्हर आणून दिला. इतक्या चटकन हो म्हणते म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय, असंही वाटलं.

कागद निघाला. मी तो उलटा करून अंगठा फिरवला.

पुरळ होतं. अप्पारावांचे गाल, कपाळ, हनुवटी, सगळं अंगठ्याला लागलं. काही टिंबं तर कागद फोडून आरपार गेली होती, नवशिक्याचं बोट बसतं तशी. आणि चित्राखाली, फ्रेमवाल्याने आत दुमडून टाकलेल्या कडेवर, इंग्रजी अक्षरांत एक मराठी ओळ टाइप केलेली होती: 'आखणी श्रुती, टायपिंग पद्मावती.'

लपवायचं काही नव्हतंच. श्रुतीने फोटोची अक्षरं कॉम्प्युटरवर काढून दिली आणि पद्मावतीने ती बघून बघून त्याच दोनदा नापास झालेल्या हातांनी मशीनवर उतरवली. अकरा कागद वाया गेले. चुकलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. चार महिने लागले, पण तेवढे दिवस त्यांचं तोंड बघायला मिळालं, असं ती म्हणाली, आज कपाळ, उद्या मिशी. तरी मी अडून बसले. आखणी दुसऱ्याची आहे, नियमात बसते की नाही बघावं लागेल, म्हटलं.

ती उठली आणि कपाटातून एक फाईल घेऊन आली. आत पिवळा पडलेला चौकटीचा कागद होता. ओळ एक ते ओळ ऐंशी, हिरवी शाई, अप्पारावांचं अक्षर. माझ्या भवानीचा कच्चा खर्डा.

"आखणी दुसऱ्याची असली तर चालतंय का नाही, मला काय कळतंय बाई," पद्मावती म्हणाली. "तुमच्या टायमाला कसं लिवलं होतं तेवढं सांगा. मी तस्संच लिवते."

मी तिच्या चेहऱ्यात टोमणा शोधत राहिले. सापडला नाही. तिला पाटीचं सगळं माहीत होतं की काहीच नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण लाज मात्र खरी वाटली, तिच्यासमोर बसवेना इतकी.

"तू लिहिलंस तेच बरोबर आहे," मी म्हटलं. "आधी आखणाऱ्याचं नाव."

हॉलवर परतल्यावर हिम्मतरावांना स्टूल धरायला लावलं आणि भवानी खाली काढली. माझ्या नावाच्या वर चिकटवायला कागदाची पट्टी कापली, तिच्यावर 'आखणी: अप्पाराव' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. आडनाव मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं तो माणूस माझी मशिनं दुरुस्त करत होता आणि मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी पद्मावतीचा प्रवेश अर्ज काढून बघावं लागलं. बिरादार. अर्ज आठवडाभर माझ्याच टेबलावर होता, पण माझा लाल शेरा नेमका त्या आडनावावरच पडला होता.