राख गार होईपर्यंत

"माचिस निकालिए, बाबा."

विमानतळावर तपासणीच्या ट्रेपलीकडचा जवान असं म्हणाला तेव्हा लटारूने आतल्या खिशातून आगपेटी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि वर "बरोबर आहे साहेब, घ्याच," असं म्हणाला. जवानाला हे नवीन होतं. लोक आगपेटीसाठी वाद घालतात, लायटर महागाचा आहे म्हणतात, साहेबांची ओळख सांगतात. दुपट्टा खांद्यावर टाकलेला, साठीला टेकलेला हा माणूस मात्र शाबासकी दिल्यासारखा बघत होता.

त्याला कारण होतं. लटारू पोंभुर्ण्याच्या जंगलात अठ्ठावीस वर्षं फायर वॉचर होता. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत जंगलाच्या तोंडाशी बसायचं, मोहफुलं वेचायला आणि तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्यांचे खिसे, पदर, डबे तपासायचे आणि आगपेट्या काढून घ्यायच्या, हे त्याचं काम. काडी पेटायच्या आधीच लटारूभाऊच्या नाकाला वास येतो, असं गावात म्हणत. स्वतः दिवसाला बिड्यांचे दोन कट्टे ओढणारा गडी, पण जंगलात जाळरेषेवर, म्हणजे पालापाचोळा साफ करून उघड्या केलेल्या मातीच्या पट्ट्यावर बसल्याशिवाय बिडी पेटवायचा नाही. ओढून झाली की थोटकावर थुंकायचा आणि मातीत पुरायचा.

बिडीचा कट्टा जवानाने उलटसुलट करून परत दिला. बिड्या आत नेता येतात, पेटवता येत नाहीत. पंगतीला बसवून हात बांधण्यातला हा प्रकार, पण लटारूने तोही मुकाट घेतला. त्याला विमान गाठायचं होतं.

त्याचा मुलगा प्रवीण बंगळूरला गोदामात कामाला होता. आदल्या दिवशी तो शिडीवरून पडला आणि डोक्यात रक्त साकळलं. सून प्रियाने फोनवर सगळं सांगितलं होतं. ऑपरेशन दुपारी चारला होतं. तोवर तो शुद्धीवर होता, बोलत होता, आणि दर अर्ध्या तासाने बाबा निघाले का म्हणून विचारत होता. जे काही बोलायचं असेल ते आधी बोलून घ्या, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. रेल्वेने गेलं तर दुसरा दिवस उजाडला असता. म्हणून शेजारच्या फारूकने स्वतःच्या मोबाइलवर तिकीट काढलं आणि उजाडायच्या आत जीप काढून लटारूला नागपूरला आणून सोडलं. विमान अकरा दहाचं होतं. एकच्या आत तिकडे, दोनपर्यंत दवाखान्यात. हातात दोन तास शिल्लक राहत होते. बापाला मुलाशी बोलायला दोन तास पुष्कळ झाले, कारण आजवर दोघं सलग दहा मिनिटं बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

अकराला पाटीवर अकरा पन्नास आलं. मग बारा वीस. मग बारा चाळीस.

शेवटची बिडी त्याने जांबच्या टपरीवर ओढली होती, सकाळी सातला. आता तळहात घामेजले होते आणि जबडा आपोआप आवळत होता. शेजारी मुलं चिप्स खात होती, त्या पुड्यांचा आवाजही त्याला सहन होईना. खरं सांगायचं तर हे नुसत्या तलफेचं नव्हतं. त्याला भीती वाटत होती. आयुष्यभर भीती वाटली की त्याने बिडी पेटवली होती: बायको भागीरथा गेली तेव्हा, जाळरेषेपलीकडे वाघ येऊन बसला होता तेव्हा, प्रवीण पहिल्यांदा बंगळूरला गेला तेव्हा. बिडीशिवाय घाबरायचं कसं, हे त्याला माहीतच नव्हतं.

फरशी पुसणाऱ्या बाईला त्याने विचारलं. सोमारी तिचं नाव. ती धानोऱ्याकडची निघाली, बोली ऐकूनच तिने त्याला आपल्याकडचा म्हणून ओळखलं.

"इथी कुठीच ओढता येत नाई, भाऊ," ती म्हणाली. "बाहेर जा लागते. आन बाहेर गेले का परत आख्खी लाईन. तोवर तुमचं इमान गेलं म्हणजे?"

ते पटण्यासारखंच होतं. तो पुन्हा खुर्चीत बसला, एक बिडी काढून बोटांत फिरवू लागला, नाकाला लावू लागला. प्रियाचा फोन आला. त्याने विमानाला उशीर आहे असं सांगितलं आणि तरी साडेतीनपर्यंत पोचतो म्हणाला. हिशोबाने अजून पोचता येत होतं.

समोरच्या सोनेरी काडीच्या चष्मेवाल्याने हे सगळं पाहिलं असावं. गृहस्थ पन्नाशीचा, इस्त्रीतला, पाय सारखे हलवणारा. एका तलफवाल्याला दुसरा लांबून दिसतो. तो उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला की काका, चला, माझ्या मोज्यात लायटर आहे. लटारूने मान हलवली.

"काही होत नाही हो," चष्मेवाला म्हणाला. "मी दर वेळेला ओढतो."

अठ्ठावीस वर्षांत लटारूने जितक्या माणसांना पकडलं त्यांतला प्रत्येक जण हेच म्हणाला होता. काही होत नाही, भाऊ. हे त्याला त्या क्षणीही आठवलं. आणि आठवूनही तो उठला आणि त्या माणसाच्या मागे संडासात गेला. माणूस आहे, देव नाही.

आत कोणी नव्हतं. चष्मेवाल्याने सिगारेट पेटवली, दोन झुरके घाईने ओढले आणि लायटर पुढे केला. लटारूच्या ओठांत बिडी होती. ज्योत तिच्या टोकापासून बोटभर लांब असताना त्याने सवयीने खाली पाहिलं. पेटवण्याआधी पायाखाली माती आहे ना, हे बघायची सवय. खाली चकचकीत फरशी होती, आणि भिंतीशी हात पुसायच्या कागदांनी ओसंडलेली प्लास्टिकची बादली होती. त्याने बिडी ओठांतून काढून कानावर ठेवली.

"इथी नाई," तो म्हणाला.

चष्मेवाला हसला. तेवढ्यात बंगळूरच्या विमानात बसायला बोलावत असल्याचं स्पीकरवर सांगितलं गेलं. त्याने शेवटचा झुरका मारला, जळतं थोटूक बादलीत टाकलं आणि बाहेर निघून गेला.

लटारूही दाराकडे वळला. बारा वाजून सात मिनिटं झाली होती. दार अर्धं उघडल्यावर त्याला वास आला. हा वास सिगारेटचा नव्हता, कागदाने पेट घेतल्याचा होता. त्याने मागे पाहिलं. बादलीच्या कडेवरून धूर बाहेर पडत होता आणि आत लाल कड दिसत होती.

तो नळाकडे धावला. नळाला चावी नव्हती. खाली हात धरल्यावर पाणी येतं हे त्याला सकाळीच कळलं होतं, पण ते ओंजळभर येऊन थांबायचं. तेवढ्यात दुपट्टा भिजला. त्याने बादली पायाने आडवी केली, कागद फरशीवर पांगवले आणि ओल्या दुपट्ट्याने झोडपायला सुरुवात केली. ढीग तसाच ठेवून आग विझवायची नसते, ढीग आतून जळत राहतो. दोन मिनिटांत ज्वाळा गेली. उजव्या हाताची बोटं भाजली, ते त्याला नंतर कळलं.

इथे त्याने जायला हवं होतं. तुम्ही-आम्ही गेलो असतो. आग विझली होती, विमान उभं होतं, मुलगा वाट बघत होता. पण लटारू उकिडवा बसला आणि हाताची मागची बाजू राखेवर टेकवत टेकवत एकेक कागद उलटू लागला. आठ वर्षांपूर्वी, विझली असं समजून, तो एका आगीकडे पाठ करून आला होता, आणि मागून ती पुन्हा उठली होती. तेंदूचं सगळं जंगल गेलं. त्या उन्हाळ्यात गावच्या बायका पत्ता तोडायला दोन डोंगर ओलांडून गेल्या, आणि त्यांतली एकही बाई त्याला वावगं बोलली नाही. त्यामुळे ते त्याला जास्त लागलं. तेव्हापासून राख गार झाल्याशिवाय त्याचा पाय उचलत नसे. तो हट्ट नव्हता, त्याला उचलताच येत नसे.

एक कागद अजून कोमट होता. त्याने त्यावर पाणी शिंपडलं आणि पुन्हा हात लावला. तेव्हाच घंटा वाजू लागली आणि दार उघडून तीन जवान आत आले.

त्यांनी काय पाहिलं ते उघड आहे. काळी झालेली फरशी, धूर, आणि मधोमध बसलेला, कानावर बिडी लावलेला म्हातारा.

त्यांनी त्याला एका खोलीत नेलं. अधिकारी तरुण होता, हिंदी बोलणारा. बिडी प्यायलात का, असं त्याने विचारलं.

"नाई साहेब. ओढणार होतो. ओढली नाई."

हे वाक्य कसं ऐकू येतं ते लटारूला पक्कं माहीत होतं. तेच त्याने जंगलाच्या तोंडाशी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि एकदाही खरं मानलं नव्हतं. त्याने चष्मेवाल्याबद्दल सांगितलं. दुसरा माणूस होता, हेही त्याने पुष्कळदा ऐकलं होतं. अधिकारी शांतपणे लिहून घेत होता. आवाज चढवत नव्हता, घाईही करत नव्हता. भिंतीवरच्या घड्याळात बारा बावीस झाले होते.

तेवढ्यात स्पीकरवर नाव आलं. बोलणाऱ्या मुलीने ते जरा वाकडंच उच्चारलं, पण ते लटारूचं होतं. ताबडतोब गेटवर या, अशी सूचना होती. मग पुन्हा तेच.

"ते मीच आहो, साहेब," तो म्हणाला. "ते मलेच बलावून राह्यले. माह्या पोराचं ऑपरेशन आहे."

अधिकाऱ्याने पेन थांबवलं. पण आग लागली होती, जबाब घ्यावाच लागणार होता, नियम तसा होता. लटारूलाही ते समजत होतं. नियमाच्या त्या बाजूला तो अठ्ठावीस वर्षं बसला होता. त्याने विनवणी केली नाही. कोणत्या विनवणीचा उपयोग होतो ते त्याला ठाऊक असायला हवं होतं, पण त्याच्यापुढे आजवर एकीचाही झाला नव्हता.

तिसऱ्यांदा नाव आलं तेव्हा सोमारी दारात उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिने सरळ सांगितलं की चष्मेवाला सिगारेटच्या वासासकट तिच्या अंगावरून गेला, ती आत जायला निघाली होती, आणि या बाबाने आग लावली नाही, विझवली.

"हात पाहा ना त्याईचा, साहेब. लावणाऱ्याचा हात असा राह्यते का?"

अधिकाऱ्याने हात पाहिला. मग तो उठला आणि लटारूला दंडाला धरून जवळजवळ पळवतच गेटवर घेऊन गेला. गेट बंद झालं होतं. काचेपलीकडे विमान मागे सरकायला लागलं होतं, आणि चष्मेवाला त्यातच बसलेला होता. अधिकारी तिथल्या मुलीशी बराच वेळ भांडला. माणूस चांगला होता. फक्त चांगुलपणा पाच मिनिटं उशिरा आला.

रिना नावाच्या त्या मुलीने त्याला साडेसहाच्या विमानात जागा दिली आणि कोणीतरी बोटांना मलम लावून पट्टी बांधली. बाहेर फारूक जीप घेऊन अजून थांबला होता. त्याला फोन करून सगळं सांगितलं. प्रियाला मात्र फोन करायचा लटारूला धीर झाला नाही. चष्मेवाल्यावर रागवावं असं त्याला वाटत होतं, पण त्याच्या मागे स्वतःच्या पायांनी कोण गेलं होतं? राग फिरून फिरून तिथेच येत होता. तो खुर्चीत बसून राहिला. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले, साडेतीन झाले. या वेळी तो दवाखान्यात असायचा होता.

तीन चाळीसला फोन वाजला.

"मामाजी, कुठी आहा?" प्रियाचा आवाज घाईचा होता. "ह्यायले आत नेऊन राह्यले. तुमच्याशीच बोलतो म्हंतेत. देतो."

मग चाकांचा आवाज आला, आणि प्रवीणचा श्वास.

"बाबा, कुठी पोचले?"

लटारूने डोळे मिटले. खोटं बोलणाऱ्यांशी त्याची जन्मभर गाठ पडली होती, पण स्वतः बोलायची वेळ आली नव्हती.

"खाली आहो," तो म्हणाला. "दवाखान्याच्या खाली."

"मंग वर काऊन नाई आले?"

"बिडी ओढून राह्यलो. वर ओढू देत नाई म्हंतेत. एवढी संपली का येतो."

पलीकडे प्रवीण हसला. हसताना त्याला दुखलं असावं, कारण मध्येच थांबला.

"आरामात ओढा," तो म्हणाला. "मी काई पळून नाई चाललो."

"जाऊन ये तू. मी आहोच इथी."

"हो. हात नका भाजून घेऊ, बाबा. थोटूक होईतोवर ओढता तुमी."

चाकांचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि फोन बंद झाला. लटारूने तो कानावरून काढला नाही. बंद फोनवर तो एक-दोनदा हो म्हणाला.

थोड्या वेळाने तो तरुण अधिकारी आला. फोनवर काय बोलणं झालं ते जवळच फरशी पुसणाऱ्या सोमारीकडून त्याला कळलं असावं. बाबा, चला, मी स्वतः बाहेर नेतो, मीच परत आणतो, रांग नाही लागणार, असं तो म्हणाला. लटारू त्याच्यामागे निघाला. बाहेर भिंतीच्या कडेला उघडी माती होती, चैत्राचं ऊन होतं. लटारू उकिडवा बसला आणि त्याने कट्ट्यातून एक बिडी काढली. अधिकाऱ्याने कोणाकडून तरी आगपेटी मागून आणली, काडी ओढली आणि दोन्ही हातांच्या आडोशाने पुढे धरली.

लटारूने मान हलवली. काडी जळत जळत अधिकाऱ्याच्या बोटांपर्यंत आली, त्याने ती टाकली आणि दुसरी पेटवायला घेतली. लटारूने त्याच्या हातावर हात ठेवून त्याला थांबवलं. बिडी तशीच बोटांत धरून तो बसून राहिला. ती पेटवली असती तर पाच मिनिटांत संपली असती, आणि संपली की वर जावं लागलं असतं.