डाव्या हाताचं म्यान

सकाळपासून हा तिसरा तुकडा वाया गेला. ओव्हनचं दार उघडलं तेव्हा प्लॅस्टिकच्या शीटवर बारीक फोड आले होते, आणि जळकट वास म्यानवाल्याच्या नाकात भरला. एरवी तो ओव्हन लावून घड्याळाकडे कधी बघत नसे. शीट चामड्यासारखी लुळी पडली की काढायची, सुरीभोवती दुमडायची आणि प्रेसमध्ये दाबायची, एवढं त्याच्या हाताला पाठ होतं. आज हाताला काहीच आठवत नव्हतं.

"अहो, बसा जरा," आतून बायको म्हणाली. "ती दोघं यायचीत बाराला. तोवर सगळा माल जाळून मोकळे व्हाल."

"बसलोच आहे की," तो उभ्याउभ्याच म्हणाला, आणि दाराशी जाऊन रस्ता बघून आला.

लेक आणि जावई यायचे होते. जावई मासेमारीच्या बोटीवर कामाला. परवा त्याचा फोन आला होता. "मामा, सोमवारपासून बोटीवर परत जातोय. सुरी आता डाव्या हाताने काढावी लागणार. म्यान तुम्हीच करून द्या." बस्स, एवढंच. उजव्या हाताची तीन बोटं जाऊन तेव्हा अकरा आठवडे झाले होते.

त्या अकरा आठवड्यांत म्यानवाला चारदा इस्पितळात गेला होता, दोनदा लेकीच्या घरी. डॉक्टर काय म्हणाले, औषधं कुठली, झोप लागते का, सगळं विचारलं. एक गोष्ट तेवढी विचारली नाही.

झालं होतं ते असं. जावयाचं पहिलं म्यान चामड्याचं होतं. खाऱ्या पाण्याने ते फुगलं, सैल झालं आणि सुरी समुद्रात गेली. जावई जेवताना हसत म्हणाला होता, "मामा, तुमची सुरी माशांनी नेली." चेष्टाच होती ती, पण म्यानवाल्याला झोंबली. त्याने प्लॅस्टिकचं नवं म्यान केलं आणि त्याचं तोंड इतकं आवळलं की सुरी आत बसताना कट्कन आवाज यायचा. जावयाच्या हाती देताना म्हणाला होता, "आता मासे काय, देवमासा आला तरी नेणार नाही." सुरी काढायला जरा जोर लागतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तोंडावर गरम हवा मारून थोडं ढिलं करावं, असंही मनात आलं होतं. पण तो कट्कन येणारा आवाज त्याला मोडवेना.

बारा वाजायच्या आतच दोघं आली. जावई उजवा हात खिशात घालून आत आला. लेक मागे होती. तिने आईला मिठी मारली, बापाकडे बघून मान हलवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"बसा," म्यानवाला जावयाला म्हणाला. "पट्टा आणलाय ना? सुरी द्या. डाव्या हातात धरून दाखवा, कशी धरता ते."

जावयाने सुरी धरली. पकड अजून नवखी होती, लहान मुलाच्या हातातल्या पेन्सिलीसारखी. म्यानवाल्याने मुठीला खूण केली, पात्यावर टेप गुंडाळली, नवी शीट कापून ओव्हनमध्ये ठेवली. या वेळी तो ओव्हनसमोर उकिडवा बसला आणि हलला नाही. शीट वाकायला लागली तशी हातमोजे घालून काढली, सुरीभोवती दुमडली, प्रेसच्या दोन फळ्यांमध्ये स्पंजात दाबली आणि चारही क्लॅम्प आवळले.

आता निवेपर्यंत दहा मिनिटं करण्यासारखं काही नव्हतं. त्याला तीच नको होती. त्याने कात्री जागेवर ठेवली, परत उचलली, फडक्याने टेबल पुसलं. शेवटी टेबलाकडे बघूनच म्हणाला, "त्या दिवशी सुरी निघाली होती का?"

आत भांडी लावणाऱ्या बायकोचे हात थांबले.

"नाही," जावई म्हणाला. "उजवा हात दोराच्या फासात अडकला, मी खाली पडलो. दोर ओढणारा विंच चालूच. दोर कापायला डावा हात कमरेवरून आडवा नेला, सुरीची मूठ सापडली. दोनदा ओढली. म्यानासकट पट्टा फिरला, पण सुरी काही आली नाही. मग कुणीतरी विंच बंद केला."

म्यानवाल्याने फडकं घडी करून ठेवलं. "मला कुणी बोललं नाही."

"तुम्ही विचारलं कुठे?" खिडकीपाशून लेक म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "रोज वाट बघत होते मी. आज विचारतील, उद्या विचारतील. तुम्ही औषधांची नावं विचारत बसलात."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "घट्ट झालंय हे देतानाच माहीत होतं. ढिलं करायला पाच मिनिटं लागली असती."

मग जावई म्हणाला, "मलाही माहीत होतं, मामा. वर्षभर जोर लावूनच काढत होतो. आज सांगू, उद्या सांगू. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून राहिलं."

"मग आता परत माझ्याकडे कशाला आलात? बाजारात शंभर मिळतात."

"बाजारातल्याला कुठे ठाऊक आहे, काय चुकलं ते?"

म्यानवाला उठला. प्रेस सोडली, कडा कापल्या, भोकं पाडून रिव्हेट ठोकले, टोकाला पाणी निथळायला छिद्र ठेवलं. म्यान पट्ट्यावर डाव्या बाजूला चढवलं. सुरीच्या धारेवरची टेप तशीच ठेवून त्याने ती आत सरकवली. "ओढा."

जावयाने ओढली. निघाली.

"असं नाही," म्यानवाला म्हणाला. "बादलीत हात बुडवा. आणि उभ्याने नको. खाली पडा."

"मामा—"

"पडा म्हणतो ना. बोटीवर काय उभे होतात?"

जावई कामाच्या खोलीतल्या फरशीवर, प्लॅस्टिकच्या भुशात, कुशीवर आडवा झाला. म्यानवाल्याने लेकीकडे बघितलं. "तू याचं उजवं मनगट धर. जीव खाऊन ओढ. हा सुरी काढेपर्यंत सोडू नकोस."

लेक पुढे आली. गुडघ्यावर बसली, नवऱ्याचा उरलेल्या दोन बोटांचा हात मनगटापाशी दोन्ही हातांनी धरला आणि मागे रेलून ओढला. जावयाचा ओला डावा हात मुठीवरून घसरला. दुसऱ्यांदा सुरी निघाली, पण अडखळत.

"अजून सैल करा," लेक म्हणाली.

त्याने म्यानाच्या तोंडावर गरम हवा मारली, अंगठ्याने दाबून ते बेतलं, गार केलं. पुन्हा जावई आडवा झाला, पुन्हा तिने ओढलं. पुन्हा सैल. बायको चहा घेऊन दाराशी आली आणि ट्रे धरून तशीच थांबली. पाचव्या खेपेला हात पोचताक्षणी सुरी बाहेर आली, पाण्यातून मासा निसटावा इतकी सहज.

"परत," म्यानवाला म्हणाला.

परत आली. त्याच्या पुढच्या खेपेलाही आली. जावयाने सुरी फरशीवर ठेवली आणि उठायला लागला. पण उठता येईना. लेकीने मनगट सोडलं नव्हतं. ती आता ओढत नव्हती, नुसती धरून बसली होती. म्यानवाल्याने कानस उचलली आणि पाठ वळवून, ज्या कडेला कानस लावायची काहीच गरज नव्हती ती कड घासायला लागला.