चाकावरचा हात

"शाई लावायची म्हणे हिला. जिच्या हातानं माणसाचं बोट गेलं, तिच्याच हातात साऱ्या गावाची बोटं दिली या लोकांनी."

धाकटी हे शाळेच्या फाटकात उभी राहून बोलली, आणि मुद्दाम अशा आवाजात, की आतल्या खोलीपर्यंत जावं. अजून मतदान सुरू व्हायचं होतं. उन्हाळ्याची सकाळ, पण वारा तेवढ्यातच तापला होता आणि शेताकडची माती उडून दातांखाली येत होती. मी दारावर दोर बांधत होतो. एरवी मी शिंपी. त्या दिवसापुरतं मला रांग सांभाळायचं काम मिळालं होतं, म्हणजे दोर धरायचा आणि शिव्या खायच्या. थोरलीला बोटाला शाई लावायचं काम होतं. ती बाटलीचं बूच काढत होती. तिनं मान वर केली नाही, पण बूच काढताना हात जरा जास्तच जोरात फिरला आणि शाई तिच्याच बोटांवर सांडली.

या दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात नांदल्या आणि आता एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहतात. भांडायला त्यांना कारण लागत नाही, पण मूळ कारण एकच आहे आणि ते अख्ख्या गावाला पाठ आहे. वाटणीच्या आधी घरात एकच गोठा होता आणि गोठ्यात चारा कापायचं हाताचं यंत्र होतं. एकानं तोंडाशी चारा सारायचा, दुसऱ्यानं दांडा धरून चाक फिरवायचं. त्या दिवशी सासू चारा सारत होती. एक सून चाक फिरवत होती, दुसरी पेंढ्या आणत होती. सासूनं "थांब" म्हटलं, फिरवणारीनं ऐकलं नाही किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि सासूच्या डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलं.

चाक कोण फिरवत होतं? थोरली म्हणते, धाकटी. धाकटी म्हणते, थोरली. म्हातारी म्हणायची, मला काही आठवत नाही, मी शुद्धीत नव्हते. मग गावानंच ठरवून टाकलं. थोरली तोंडानं फटकळ, कुणाला जुमानत नाही, तेव्हा तीच असणार. धाकटी गोड बोलणारी, चार दिवस दवाखान्यात सासूच्या उशाशी बसलेली, ती कशी असेल? वाटणी झाली तेव्हा म्हातारी धाकटीकडे राहिली आणि ठरलेल्यावर शिक्कामोर्तब झालं. पुढं थोरलीचा नवरा वारला. तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या शेतात राबते, आणि तिथंही बाया तिच्याशेजारी विळा घेऊन बसायला नको म्हणतात. चेष्टेत म्हणतात, पण म्हणतात.

आता या एका दिवसाच्या कामाचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. तर शाळेला झाडलोट आणि पाणी भरायला कायमची बाई हवी होती. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मतदानाचं काम जी बाई तक्रार न येता पार पाडेल, तिलाच मी ठेवीन. मला गावातली भांडणं शाळेत नकोत." दोघी जावांनी काम मागितलं. धाकटीचा नवरा प्रचाराची जीप चालवत होता, त्यामुळे तिला शाई मिळेना. मग तिनं त्याच पक्षाचं काम धरलं, बायकांना घराघरातून काढून मतदानाला आणायचं. आणि पाणवठ्यावर सांगून टाकलं, "दिवस मावळायच्या आत हिला खोलीबाहेर नाही काढली तर नाव बदलीन."

तिनं बोलल्याप्रमाणं सुरुवातही केली. पहिल्या जीपमधून उतरलेली बाई शाई लावताच ओरडली, "अगं आई गं, बोट मुरगाळलंस की."

थोरली म्हणाली, "काडी लावलीय बोटाला. काडीनं बोट मुरगाळतं होय?"

खोलीतले मोठे साहेब, म्हणजे केंद्राचे प्रमुख, चष्म्यावरून बघून म्हणाले, "बाई, उलट बोलायचं नाही."

"बरं, साहेब."

मग दुसरी आली, ती म्हणाली, ही मला कुणाला मत द्यायचं ते कानात सांगत होती. साहेबांनी विचारलं, काय सांगितलं? तिला ते शिकवलेलंच नव्हतं. ती जीपकडे बघायला लागली. मी म्हणालो, "तिकडं बघून आठवणार नाही, तो ड्रायव्हर आहे." रांग हसली. तिसरी म्हणाली, शाईचा वास येतोय, मला गरगरतं. साहेबांनी तिला मोकळ्या हवेत बाहेर पाठवलं. असं दुपारपर्यंत चाललं. थोरलीचा चेहरा लाल झाला होता, ओठ दाबून धरले होते. तिला मी इतका वेळ गप्प बसलेली आयुष्यात पाहिली नव्हती. पण साहेबही वैतागले होते. ते मला ऐकू येईलसं म्हणाले, "आता एक जरी खरी तक्रार आली, तर मी या बाईला घरी पाठवतो. माझ्या डोक्याला ताप नको."

ही गोष्ट फाटकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

ऊन डोक्यावर आलं, रांग विरळ झाली, आणि जीप म्हातारीला घेऊन आली. तिला दोन्ही डोळ्यांनी धड दिसत नाही. माणूस समोर आला की सावली हलली एवढं कळतं. धाकटीनं तिला हाताला धरून उतरवलं. उतरवताना तिच्या कानाशी लागून जे बोलली ते मी दोराशी उभा असल्यानं ऐकलं. तिला माझी पर्वा नव्हती.

"आत्याबाई, नीट ध्यानात ठेवा. आत गेल्यावर जी बाई तुमचा हात धरेल ना, तिचंच नाव घ्यायचं. साहेबाला म्हणायचं, हिनं माझं बोट तोडलं, हिला बाहेर काढा, तरच मत देते. एवढं एकच. मग घरी जाऊ, गारेगार झोपा."

"हात धरेल तिचं," म्हातारी म्हणाली.

"हां. विसरू नका. नाहीतर संध्याकाळी जेवायला मागू नका माझ्याकडं."

हे शेवटचं ती हसत बोलली, पण म्हातारीचं तोंड एवढंसं झालं. मला राग आला. पण मी दोर धरणारा माणूस. दोर वर केला आणि त्यांना आत सोडलं.

साहेबांनी विचारलं, "आजीबाईंबरोबर कोण?"

"मी सून, साहेब. त्यांना दिसत नाही."

"मग ऐका. सोबत आलेल्यानं फक्त हात धरायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. काढला तर बाहेर. इथं मतदारानंच बोलायचं. कळलं का, आजी?"

"म्हणजे ही बोलू शकत नाही?" म्हातारीनं विचारलं.

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

धाकटी गालात हसली. तिला बोलायची गरजच नव्हती. तिनं म्हातारीचा उजवा हात घट्ट धरून तिला शाईच्या टेबलापाशी नेली. टेबलामागं थोरली. या दोघी, म्हणजे सासू आणि थोरली सून, इतक्या जवळ थोरलीचा नवरा वारल्यापासून आल्याच नव्हत्या. थोरलीचं लक्ष सासूच्या डाव्या हाताकडे गेलं. जिथं शाई लावायची तिथं बोटच नव्हतं, पेरापाशी कातडी ओढून शिवलेली. काडी तिनं तशीच वर धरून ठेवली.

"साहेब, हे बोट नाही," ती म्हणाली. "शेजारच्याला लावू का?"

"लावा. तसाच नियम आहे."

"डावा हात पुढं करा," थोरली म्हणाली. 'आत्याबाई' अशी हाक मारली नाही.

म्हातारीनं हात पुढं केला नाही. उलट पाठीशी घेतला. "थांब. मला साहेबांशी बोलायचंय. माझी तक्रार आहे."

साहेबांनी पेन ठेवलं. पोलीस खुर्चीवरून उठला. थोरलीनं काडी बाटलीत परत टाकली आणि डोळे मिटले. मला तिच्यासाठी वाईट वाटलं. सकाळपासून ओठ दाबून धरलेली बाई एका वाक्यात घरी जाणार होती.

"माझं बोट जिनं तोडलं ती बाई या खोलीत आहे," म्हातारी म्हणाली. "तिच्यासमोर मी मत देणार नाही. तिला बाहेर काढा."

"कोण?"

म्हातारीनं उजवा हात वर केला. तो धाकटीनं तसाच घट्ट धरलेला होता, त्यामुळे तिचाही हात वर गेला.

"ही. जिनं माझा हात धरलाय ती."

मग धाकटी म्हणाली, "अहो आत्याबाई, मी धाकटी. ती समोर..."

"तू बोलू नकोस. साहेबांनी सांगितलंय."

"साहेब, म्हातारीला दिसत नाही हो. चुकतेय ती. तिला म्हणायचं होतं की..."

"तिला काय म्हणायचं होतं ते तुम्हाला आधीच माहीत आहे होय?" साहेब म्हणाले. "बाहेर व्हा."

दारापाशी उभी असलेली रांग खदखदून हसली. जिला जो अर्थ लावायचा तो तिनं लावला. बहुतेकांनी असाच लावला, की पढवलं एक आणि म्हातारीनं केलं भलतंच. पोलिसानं धाकटीला दाराबाहेर काढली. ती जाताना मला म्हणाली, "हसतोस काय रे, मेल्या शिंप्या?" मी दोर सोडला, ती अडखळली, आणि मी मुद्दाम सॉरी म्हणालो.

मग म्हातारीनं डावा हात आपणहून टेबलावर ठेवला. थोरलीनं त्या थोट्या पेराशेजारच्या बोटाला शाई लावली. तिलाही वाटत होतं, म्हातारी चुकली. साहेबांच्या माणसानं म्हातारीला मत द्यायला मदत केली आणि मी तिला बाहेर आणून भिंतीच्या सावलीला खुर्चीवर बसवलं.

फाटकातून धाकटी ओरडत होती, "आता बस तिथंच. बघते घरी कोण घेतंय ते." जीप धूळ उडवून गेली.

मी म्हातारीला पाणी दिलं आणि चेष्टेनं म्हणालो, "आजी, घोळ केलात की. नको तिचं नाव घेतलंत."

"काय घोळ केला?"

"समोरचीचं सांगायचं होतं. तुम्ही हात धरणारीचं सांगितलं."

"तिनंच तर सांगितलं, हात धरेल तिचं नाव घे. घेतलं." ती घोटभर पाणी प्याली. "डोळे आता गेलेत रे. तेव्हा चांगले होते. चारा सारताना माणूस खाली बघतो, पण मी थांब म्हणाले तेव्हा वर बघितलं होतं. चाकाच्या दांड्यावर कुणाचा हात होता ते मला दिसलं होतं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं?"

"जेवायला कोण घालत होतं?"

"मग आज का?"

"घरात बोलले असते तर तिच्या आवाजापुढं माझं ऐकलं कुणी असतं? आज साहेबानं तिचं तोंड बंद केलं. असं परत कधी व्हायचं नव्हतं."

मी हे थोरलीला संध्याकाळी सांगितलं. मतदान संपलं होतं, पेट्या बंद झाल्या होत्या आणि हेडमास्तर तिला सांगून गेले होते, "खरी तक्रार एकच आली, पण ती तुमच्याबद्दल नव्हती. सोमवारपासून या." ती हात धुवत होती. शाई निघत नव्हती, ती तरीही घासत होती. माझं ऐकून झाल्यावर तिनं नळ बंद केला आणि म्हातारी दुपारपासून बसून होती त्या खुर्चीपाशी सरळ गेली.

"खरं का हे, आत्याबाई?"

"खरं आहे."

"माहीत होतं तुम्हाला. पहिल्या दिवसापासून."

म्हातारीनं मान डोलावली.

"तुमचा मुलगा मरताना मला काय म्हणाला, माहीत आहे? म्हणाला, आईचं बोट तू घेतलंस, तरी मी तुला कधी बोललो नाही. शेवटचं हेच बोलला. मी त्याचे पाय धरून सांगत होते, मी नाही, मी पेंढ्या आणत होते. तुम्ही उशाशी बसला होतात. तेव्हा तरी तोंड उघडायचं होतंत." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं, ऐकवत नव्हतं. "भाकड जनावराला टाकतात तशी तिनं तुम्हाला इथं टाकली, म्हणून आज माझी आठवण झाली तुम्हाला."

"आठवण रोज होत होती," म्हातारी म्हणाली. "भूक त्याहून जास्त लागत होती."

थोरली वळली आणि फाटकाकडे चालायला लागली. मला वाटलं, गेली. गेली असती तर मी तिला एक शब्द बोललो नसतो. वारा पडला होता, रस्त्यावर कुणी नव्हतं, जीप परत यायचं नाव नव्हतं. फाटकापर्यंत जाऊन ती थांबली. मग तशीच तणतणत परत आली आणि म्हातारीचा डावा हात, तो थोटा, शाईचा, खसकन धरून तिला खुर्चीवरून उठवली.

"हळू गं," म्हातारी म्हणाली.

"चाला."

दोघी फाटकाबाहेर पडल्या. थोरली एक पाऊल पुढं, म्हातारी ओढल्यासारखी मागं. जरा अंतर गेल्यावर म्हातारीनं विचारलं, "काम मिळालं का गं तुला?"

"मिळालं," थोरली मागं न बघता म्हणाली. "आणि त्याच्याबरोबर तुम्हीही."