मिस्त्रींचे कान गडावर गेले तेव्हा

"काका, इंजिनाला काय झालंय ते तुम्ही ओळखता की काकू ओळखतात?"

विचारून टाकलं एकदाचं. रस्त्यापलीकडे झेंडूच्या ढिगाआड दिशा आणि रूपाली उभ्या होत्या. दोघींनी महिनाभर वर्गात माझ्यामागे लकडा लावला होता. दिंडोरीत सगळेच हसत हसत सांगतात, की गोरक्ष मिस्त्री नुसते पाने फिरवतात, इंजिनाचा आजार त्यांची बायको सांगते. पण त्यांना तोंडावर विचारायची हिंमत कोणाची झालेली नाही. "वक्तृत्वात पहिली आलीस ना, मग विचारून दाखव," असं रूपालीनं शाळेत सुनावलं होतं. गणेशोत्सवातलं ते बक्षीस मिळाल्यापासून माझं तोंड फारच सुटलंय, असं आईचं मत आहे. मला स्वतःला ते तोंड आवडायला लागलंय.

मिस्त्रींनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि उजवा कान पुढे केला. "जरा मोठ्यानं बोल, पोरी. डाव्यानं काहीच नाय येत. उजव्यानं जरा जरा."

मग मी स्पर्धेतला आवाज लावला आणि तेच पुन्हा विचारलं. शेजारच्या एसटीडी बूथमधल्या माणसानं फोन कानाला धरूनच मान बाहेर काढली. झेंडूवाली पाणी शिंपडायची थांबली. माझे पप्पा दुकानाच्या फळीवरचे जुने प्लग मोजायला लागले.

मिस्त्री रागावले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, "आधी पाठीवरचं ओझं उतरव."

खरंच की. पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप अजून माझ्या पाठीवरच होता. पप्पांच्या मोटारसायकलवर मागे बसून, पाठीला पंप बांधून मी सहा किलोमीटर आले होते. वाटेत दोन सहा-आसनी रिक्षांतली माणसं वळून वळून बघत होती, आणि मी त्यांना हात केला होता.

झालं होतं असं. आमची वीस गुंठे द्राक्षबाग आहे. छाटणीला सतरा दिवस झाले होते, कोवळ्या फुटीत बारीक बारीक घड दिसायला लागले होते, आणि आदल्या संध्याकाळी नको तो पाऊस पडला. अशा पावसानंतर डाऊनी येते. पानाला वरून पिवळा डाग, खालून पांढरी बुरशी. ती घडात शिरली की वर्ष गेलं. त्यामुळे आज दुपारच्या आत औषध मारायलाच हवं होतं. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टरचा ब्लोअर मागावा, तर त्यांना त्यांचीच बाग उरकत नव्हती.

आणि नेमका आज आमचा पंप बंद पडला.

पप्पांचा स्वभाव सांगायला हवा. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की ते तिला बाहेर जाऊ देत नाहीत. आमचा टेबलफॅन त्यांनी दुरुस्त केल्यापासून फक्त भिंतीकडे बघतो. मिक्सर चालतो, पण एक जण त्याच्यावर दाबून बसलं तर. यंदा खंडेनवमीला अवजारांची पूजा करायची म्हणून त्यांनी पंपाची सर्व्हिसिंग काढली. धुतला, घासला आणि वरून खालपर्यंत लाल ऑइलपेंटचे दोन हात दिले. आई म्हणाली, "पूजाच करायचीय ना? का लग्न लावायचंय त्याचं?"

सकाळी पंप एका झटक्यात चालू झाला. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर घुर्र करून बंद. पप्पांनी झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, मग प्लग काढून घासला, दोरी ओढली. चालू. "बघितलं? प्लग होता," ते म्हणाले. पाच मिनिटांनी बंद. पुन्हा झाकण, पुन्हा पेट्रोल, या वेळी कार्बोरेटर खोलून फुंकर. चालू. "प्लग नव्हता, कार्बोरेटर होता." पाच मिनिटांनी बंद. तिसऱ्या वेळी झाकण, पेट्रोल, आणि फिल्टर धुतला. तेव्हाही पाच मिनिटं छान चालला.

नऊ वाजले. पप्पांनी सवयीनं पुन्हा झाकण उघडून पेट्रोल पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "आता इंजिनाचं हेड खोलतो."

"पप्पा, गोरक्ष मिस्त्रींकडे नेऊ," मी म्हणाले.

"का? त्याला काय दोन हात जास्त हायेत?"

बांधावर तोरणासाठी झेंडू ओवत बसलेल्या आईनं मान वर केली नाही. "दोनच हायेत. पण ज्याला दुखतंय तेवढंच उघडतो तो. तुमच्या हौसेपायी घड घालवायचे असले तर खोला हेड. मी काय बोलत नाय."

आई काही बोलत नाही म्हणाली, की तिचं बोलून झालेलं असतं. पप्पांनी गाडी काढली. मीही तोरणाला बसले होते, तशीच उठले, सुई ओढणीला टोचली आणि पंप पाठीवर घेतला.

तर आता आम्ही दुकानात. पंप उतरवला तेव्हा दिसलं, की कोपऱ्यात धुतलेल्या गोणपाटावर मिस्त्रींचे सगळे पाने, पक्कड, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर उंचीप्रमाणे मांडून ठेवलेत. प्रत्येकाला कुंकवाचं बोट आणि एकेक झेंडू.

"आज हत्यार उचलत नाय मी," मिस्त्री म्हणाले. "सकाळी पूजा झाली. उद्या सीमोल्लंघनाच्या आधी, सातला या."

"उद्या लय उशीर होईल, मिस्त्री." पप्पांचा आवाज एकदम खाली आला होता, म्हणून मी तेच वाक्य त्यांच्या उजव्या कानात पुन्हा सांगितलं. "काल पाऊस झालाय. घड बारीक आहेत. डाऊनी येईल."

मिस्त्रींनी आभाळाकडे पाहिलं. मग पंपाकडे. मग माझ्याकडे.

"हत्यार नाय, ते एक. दुसरं म्हंजे यशोदा गडावर गेलीय, देवीला. संध्याकाळी येईल. मघाशी तू विचारलंस ना? तीच ओळखते."

इतकं सरळ. कोणी आपलं गाव विचारावं आणि आपण सांगावं, तसं. मी रस्त्यापलीकडे बघायची विसरूनच गेले.

मग ते स्टुलावर बसून सांगायला लागले. तरुणपणी बारा वर्षं ते लासलगावला डिझेल इंजिनावरच्या गिरणीत होते. पत्र्याची बंद खोली आणि दिवसभर इंजिन. कान तिथंच राहिले. दिंडोरीला दुकान टाकलं, तेव्हा यशोदाकाकू डबा घेऊन यायच्या. एक दिवस डबा सोडता सोडता म्हणाल्या, हे इंजिन पापड मोडल्यासारखं का वाजतंय? मिस्त्रींनी खोललं तर पिस्टनची रिंग तुटलेली.

"तवापासून ती ऐकती, मी खोलतो. पापड म्हंजे रिंग. म्हातारीचा खोकला म्हंजे पेट्रोलात पाणी. बांगड्या वाजल्या म्हंजे बेअरिंग. बावीस वर्षं झाली, पोरी. आमचं दोघांचं असं पुस्तकच हाय, फक्त लिहिलेलं नाय."

"मी ऐकते," मी म्हणाले.

"येडे," पप्पा दबक्या आवाजात म्हणाले, "गप."

"मी ऐकते आणि सांगते. हत्यार लागलं तर नका उचलू. आधी आजार तर कळू दे."

मिस्त्रींना माझं ऐकू आलं की माझा चेहरा वाचता आला, कोण जाणे. त्यांनी पंप फळीवर घेतला, तळहात टाकीवर ठेवला आणि पप्पांना दोरी ओढायची खूण केली. पंप लगेच चालू झाला.

"सांग."

मी छाती भरून घेतली. "आकाशात ढगांचा गडगडाट व्हावा, तसा…"

"भाषण नको. घरातलं सांग."

माझे कान गरम झाले. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच खरोखर ऐकलं. "मोहरी तडतडतेय कढईत. आणि मधूनच फुस्स होतंय. कुकरची शिट्टी नीट बसली नाही की होतं, तसं."

"फुस्स कुठून येतंय? वरून का खालून?"

"वरून. प्लगपाशी."

"बरं. ते लक्षात ठेव, त्याचं मागून बघू."

आम्ही वाट पाहत राहिलो. पप्पांचे हात शिवशिवत होते. त्यांनी दोनदा पुढे येऊन काहीतरी पिळायचा प्रयत्न केला, आणि मिस्त्रींनी दोनदा नुसतं बोट दाखवून त्यांना मागे सारलं. चार मिनिटं झाली असतील.

"आता मोहरी कमी झाली," मी ओरडले. "बाटलीतलं दूध संपलंय आणि बाळ ओढतच बसलंय, तसं वाजतंय."

घुर्र. बंद.

मिस्त्रींनी हळूच टाकीचं झाकण फिरवलं. "आता काय?"

"सूं… आत ओढून घेतलं काहीतरी. खूप वेळ श्वास कोंडला होता आणि आता सोडवला, असं."

ते इतके खूश झाले, की त्यांनी मांडीवर थाप मारली. त्यांना तो आवाज आला नव्हता, पण बोटांना झाकण घट्ट लागलं होतं आणि माझ्या शब्दांनी जागा पक्की झाली. त्यांनी झाकण उजेडाकडे धरलं. "इथं सुईच्या टोकाएवढं भोक असतंय. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा लागते. कुठं गेलं ते?"

भोक लाल ऑइलपेंटखाली गेलं होतं. दोन हातांखाली.

मी ओढणीची सुई काढून दिली. हत्यारांच्या गोणपाटावर ती नव्हतीच, त्यामुळे कोणाचा नियम मोडला नाही. मिस्त्रींनी रंगाचा ठिपका टोचून काढला, सुई आतून-बाहेरून फिरवली आणि झाकणातून माझ्याकडे एक डोळा मिचकावला.

"एवढंच?" मी म्हणाले. "हे तर आम्हीही केलं असतं."

"केलंच की तुम्ही. रंग कोणी दिला?"

एसटीडीवाला फोन ठेवून हसायला लागला. पप्पा मात्र झाकणाकडे एकटक बघत होते. "म्हंजे सकाळपासून तिन्ही वेळा…"

"झाकण उघडलं म्हणून चालू झाला. बाकी जे जे खोललंत, ते बिचारं ठणठणीत होतं. आता नाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कुकरची शिट्टी."

सकाळच्या घाईत पप्पांनी प्लग सैल बसवला होता. तसाच पंप चालवला असता तर आटे गेले असते आणि मग खरंच हेड खोलावं लागलं असतं. आता पाना हवा. मिस्त्रींचे पाने तर कुंकू लावून बसलेले. पप्पांनी खालमानेनं खिशातून आपला प्लगपाना काढला. "आमची पूजा संध्याकाळी असते," ते म्हणाले.

"मग फिरवा तुम्हीच. पण गार होऊ द्या आधी."

चहा आला. मिस्त्रींनी प्लगला बोट लावून पाहिलं आणि मान हलवली. पप्पा आवळायला लागले, आणि मिस्त्रींनी दोन बोटं पप्पांच्या मनगटावर ठेवली. नाडी बघतात तशी. पाना फिरत गेला.

"बास."

"अजून येतोय की."

"येतोय म्हणून आवळायचं नसतं. बास."

आणि माझे पप्पा, ज्यांनी आजवर एकही स्क्रू पिळून काढल्याशिवाय सोडला नाही, ते थांबले.

पुन्हा दोरी. पाच मिनिटं झाली, सात, दहा. मिस्त्रींनी भुवया उडवल्या.

"नुसती मोहरी," मी सांगितलं.

तोपर्यंत दिशा आणि रूपाली झेंडूच्या पिशव्या सांभाळत रस्ता ओलांडून आल्या होत्या. रूपाली कुजबुजली, "काय म्हणाले गं?" मी म्हणाले, "तूच विचार, ते सांगतात." तिनं नाही विचारलं.

निघताना मिस्त्री पंप माझ्या पाठीला बांधून देत होते. पट्टा ओढता ओढता म्हणाले, "यशोदाला सांगू नको. तिच्या माघारी दुसरी कोणी ऐकायला बसली म्हणून रुसायची."

मी हसले. तेही हसले. मग आवाज खाली करून म्हणाले, म्हणजे त्यांना खाली वाटला असावा, अर्ध्या बाजाराला ऐकू गेला, "आता तिलाबी कमी येतं. कबूल नाय करत. पण हल्ली एकच इंजिन दोनदा चालू करायला लावते मला. मी लावतो. मला काय, दोरी ओढायची."

त्यांनी पट्ट्याची कडी बसवली आणि वळून गोणपाटावरच्या एका पान्यावरचं घसरलेलं फूल सरळ केलं.

आम्ही परत आलो तेव्हा साडेदहा वाजले होते. पप्पांनी पंप उचलला आणि वीस गुंठे एका दमात मारले. मी बांधाबांधानं पेट्रोलचा डबा घेऊन चालत होते आणि ऐकत होते. एकदाही फुस्स नाही. एकदाही बाळानं रिकामी बाटली ओढली नाही. शेवटच्या ओळीला पोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते आणि प्रत्येक पान वरून-खालून ओलं होतं. आईनं चार वेलींचे घड उलटे करून पाहिले. "स्वच्छ हायेत," ती म्हणाली, आणि पप्पांच्या हातावर पाणी घातलं.

जेवायला आम्ही बागेच्या कडेलाच बसलो. भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. पप्पांनी पहिला घास घेतला आणि पंपाकडे बघून म्हणाले, "आता त्या झाकणाला दुसरं एक भोक पाडून ठेवलं पायजे. म्हंजे एक बुजलं तरी…"

आईनं डोळे मिटले.

मी भाकरी खाली ठेवली आणि उभी राहिले. बसून सांगायची गोष्टच नव्हती ती.

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीत मी रोज मिस्त्रींच्या दुकानात जाणार आहे. यशोदाकाकूंच्या शेजारी बसून ऐकायला शिकणार. दहावी झाली की आयटीआयला मोटार मेकॅनिकला नाव घालणार. आणि माझं शिकून होईपर्यंत या घरात कोणीही इंजिन उघडायचं नाही. पप्पा, तुम्ही नाही. आणि मीसुद्धा नाही."