पाच पुलांची बोली

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. आमच्या खोऱ्यात बारा कोस लागत नाहीत, एक पूल पुरतो. खाली स्टेशनापाशी, पहिल्या पुलाला लागून, मोस्त हे गाव आहे, तिथलं बोलणं शहरासारखं पातळ. तिथून नदीच्या उलट्या दिशेनं निघालं की प्रत्येक पुलागणिक ते घट्ट होत जातं आणि पाचव्या पुलापलीकडे, माझ्या माहेरी लाझेला, त्यात चमचा उभा राहील. तरी प्रत्येक गावाला वाटतं की हेल फक्त शेजाऱ्यांना आहे. वरचे अडाणी, खालचे आगाऊ आणि आपण तेवढे सरळ बोलतो.

मी लाझेची, दिली ब्रेगला. मध्ये एकच पूल, तासाभराची पायवाट. पण ते तासाभराचं अंतर मला जन्मभर पुरलं. आंतोन, माझा नवरा, माणूस वाईट नव्हता, पण पाहुणे आले की म्हणायचा, "जेरा, ते शेळीचं सांग ना." मी सांगायची आणि सगळे माझ्या हेलावर पोट धरून हसायचे. शेळीत हसण्यासारखं काही नव्हतं. मी मात्र हट्टानं हेल सोडला नाही. आंतोन गेला, मुली शहरात गेल्या, तरी ब्रेगच्या बायका मला अजून "ती वरची" म्हणतात.

माझ्याशी माझ्या बोलीत बोलणारा ब्रेगमध्ये एकच माणूस होता, गावोगाव फिरणारा पावगाडीवाला गाश्पर. आठवड्यातून दोनदा त्याची गाडी गिरणीपाशी येऊन भोंगा वाजवी. पाव, मीठ, सुया, पिठाचं यीस्ट, सगळं त्या गाडीत. इतर बायकांशी तो ब्रेगचं बोले. माझी पाळी आली की आवाज जरा खाली घेई आणि थेट लाझेचं बोले, स्वर ओढून, शेवट वर नेऊन, माझा थोरला भाऊ बोलायचा तसं. मला वाटायचं, हा ब्रेगचाच. माझ्यासाठी म्हणून शिकला. या वयात कुणी आपल्यासाठी जीभ वळवली, हे कळल्यावर बाई पाव जरा जास्तच आणते. माझ्या कोंबड्या त्या वर्षी शिळ्या पावावर माजल्या.

वसंतात त्यानं विचारलं. गाडीच्या फळीवर कोपर टेकून म्हणाला, "जेरा, दोन घरांत दोन चुली कशाला?"

"लाझेच्या जत्रेला चल," मी म्हटलं.

आमच्याकडे विधवेचं दुसरं लग्न असंच ठरतं. माहेरच्या चर्चच्या जत्रेत, सगळ्यांदेखत, दोघांनी एका ताटातून पोतित्सा खायची. अक्रोड भरलेल्या गोड पावाची ती गुंडाळी पोटात गेली की बोलणी संपली. पाद्रीसुद्धा त्यानंतरच तारीख काढतो.

गाश्परचा चेहरा पडला. "जत्रेला नको. दुसरं काहीही सांग."

मग आठवलं, हा कधीच जत्रेला येत नाही. दरवर्षी त्याची गाडी नेमकी तेव्हाच बिघडते. मला राग आला. "लाज वाटते का माझ्यासोबत बसायची?"

"तसं नाही गं."

"मग येशील."

ऑगस्टात तो आला. धुतलेला सदरा, दाढी करताना कापलेली हनुवटी. लिंडनच्या झाडांखाली लाकडी टेबलं मांडली होती, पाचही गावं वर लोटली होती. मी पोतित्साचं ताट मध्ये ठेवलं. सुरी हातात घेतली, तेवढ्यात माझा चुलतभाऊ ब्लाझ आला.

"काय गाश्पर, आपल्या जत्रेला पाय लागले एकदाचे," तो म्हणाला. गाश्परनं त्याला अस्सल लाझेच्या हेलात उत्तर दिलं. मी गालातल्या गालात हसले.

तेवढ्यात मोस्तच्या बँडवाल्यांतला ढोलवाला मागून आला आणि त्यानं गाश्परच्या पाठीवर थाप मारली. "अरे, आपला माणूस इथं काय करतोय?"

गाश्पर वळला आणि सवयीनं बोलून गेला. "असाच आलो, जेवायला." पण ते मोस्तचं होतं, पातळ, शेवट गिळलेलं, जणू जन्मभर स्टेशनासमोर राहिलेल्या माणसाचं.

ब्लाझच्या भुवया वर गेल्या. "आपला माणूस? हा तर मूळचा लाझेचा ना?"

"ब्रेगचा," माझी नणंद मिंका पलीकडच्या टेबलावरून म्हणाली. "गिरणीमागचा. विचारा त्याला."

"कुठला ब्रेगचा, ताई," ढोलवाला म्हणाला, "आमच्याकडं तर हा असाच बोलतो."

तिघं तीन बाजूंना उभे राहिले. गाश्परनं मिंकाकडे बघून तोंड उघडलं, ब्लाझकडे बघून मिटलं. कुठल्याही एका तोंडानं बोलला असता तर दोन गावं खोटी पडली असती.

"म्हणजे इतकी वर्षं आमच्या दारात येऊन आमचीच नक्कल करत होतास?" ब्लाझ म्हणाला. लाझेचा माणूस सगळं सोसतो, हे सोसत नाही.

ब्लाझचं राहू दे. जे मी माझं म्हणून उराशी धरलं होतं, ते गाडीतल्या मिठासारखं होतं, ज्याच्या त्याच्या पिशवीत पडणारं. मी सुरी खाली ठेवली. बाया बघत होत्या. मला रडू आलं नाही, राग आला.

"मी विचारते," मी म्हटलं. "माझ्याशी बोलायचास ते कुणाचं?"

तो ताटाकडे बघत बोलायला लागला, आणि पहिल्यांदा मला त्याचं बोलणं कळायला कान लावावा लागला.

"आई मोलकरीण होती, मोस्तच्या खाली. बाप नाही. पाद्रीनं मला कामाला लावलं, आज या घरी, पुढं त्या घरी, पुलापुलानं वर. प्रत्येक घरातली पोरं आधीच्या गावच्या हेलाला हसायची. घरासारखं बोलायला लागलो की शेगडीजवळ बसायला मिळायचं. म्हणून लवकर शिकायचो. आधी जीभ, मग ऊब. लाझेला सर्वांत जास्त दिवस राहिलो, तुमच्याच वरच्या वाडीत; राबणारं पोर कुणाच्या लक्षात राहतं! ते मला आवडायचं. पण ते माझं आहे असं म्हणायची छाती नव्हती."

यातला एक शब्द मोस्तचा होता, पुढचा लाझेचा, त्यापुढचा ब्रेगचा. स्वर ओढायला जायचा आणि मध्येच तुटायचा. चारी चाकं वेगवेगळ्या मापांची असलेल्या गाडीसारखं ते वाक्य हेलपाटत चाललं होतं. ढोलवाला फिसकन हसला. मग ब्लाझ हसला, मग मिंका. तिघांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी हसू येत होतं.

ते हसू माझ्या ओळखीचं होतं. मला ते एका पुलापुरतं मिळालं होतं आणि मी जन्मभर त्याचा बाऊ केला. या माणसाला ते पाचही पुलांवर मिळालं, तेही लहानपणी, दुसऱ्यांच्या शेगडीच्या कडेला उभं असताना. आणि आज तो माझ्यामुळं पाचही गावांसमोर बसला होता. घरीच विचारलं असतं तर काय बिघडलं असतं, असं मला वाटलं आणि त्याची फार माया आली.

"ब्लाझ, बाजूला हो, सावली येते," मी म्हटलं.

मी सुरी उचलली, पोतित्साचा मधला तुकडा कापला आणि त्याचे दोन भाग केले. एक त्याच्या पुढ्यात सरकवला, दुसरा त्याच ताटातून उचलून तोंडात घातला. मिंकानं कपाळावर हात मारला. ब्लाझचं हसणं थांबलं. मग गाश्परनंही घास घेतला.

गिळून झाल्यावर त्यानं आवाज खाली घेतला आणि लाझेच्या सुरेख हेलात, नेहमीसारखं, मला विचारलं, "गोड झालीय ना?"

"असं नको," मी म्हटलं. "मघासारखं विचार."

त्याचे कान लाल झाले. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग अडखळत, एक शब्द खालचा, एक वरचा, असं त्यानं पुन्हा विचारलं. तसं बोलणारं गाव आमच्या नदीवर कुठंच नाही.

"अक्रोड जरा कमी पडलेत," मी सांगितलं.