सासूबाईंची सायकल

नवऱ्याची बदली झाली, पण परगावी नव्हे, शहराच्याच दुसऱ्या टोकाला. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला कुठल्या टाकीवर बसवायचं हे खातं ठरवतं, आणि खात्याने ठरवलं की यापुढे त्याने पूर्वेच्या टाकीवर सकाळी सातला हजर व्हायचं. टाकी मोठी होती, त्यामुळे घरात त्याचं कौतुक झालं. बायकोने तेवढं ते केलं नाही. तिचं स्टेशन पश्चिमेला होतं.

गेली एकोणीस वर्षं तो तिला रोज सकाळी स्कूटरवरून स्टेशनावर सोडत आला होता. तिथून सात बेचाळीसची लोकल पकडून ती पाऊण तासावरच्या एका दातांच्या लॅबमध्ये जायची. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर ती मेणाच्या हिरड्या चढवायची, एकेक दात निवडून बसवायची, आणि शेवटी कवळी अशी घासूनपुसून द्यायची की घालणाऱ्याला हसावंसं वाटावं. साच्याकडे नुसतं बघून ती सांगायची की हा माणूस डाव्या बाजूने चावतो. इमारतीत तिला सगळे दातवाल्या बाई म्हणत. वय बावन्न.

घरापासून स्टेशन साडेतीन किलोमीटर. बस यायची ती आपल्या मर्जीने. पहिल्याच आठवड्यात तिची गाडी तीनदा चुकली. लॅबचे मास्तर काही बोलले नाहीत, घड्याळाकडे बघून फक्त खोकले. ते बोलले असते तर बरं, असं तिला वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी ती पाय चोळत बसली होती, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सायकल का नाही नेत?"

सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी बाळंतपणाची नर्स म्हणून नोकरी केली, आणि ती सगळी सायकलवर. कॅरियरला पेटी बांधून त्या वस्त्यावस्त्यांतून फिरायच्या. ती सायकल अजून जिन्याखाली उभी होती. काळी, बायकांची, मधला दांडा नसलेली. सध्या तिच्यावर पायपुसणी वाळत असत.

"मला येत नाही," सून म्हणाली.

"काय येत नाही?"

"सायकल."

सासूबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे नीट पाहिलं. सव्वीस वर्षं दोघी एका घरात राहत होत्या. भांडण असं कधी झालं नव्हतं, आणि तसं गूळपीठही नव्हतं. भाजी, धुणं, औषधं, पाहुणे, यापलीकडे दोघींचं बोलणं जात नसे. सुनेला सायकल येत नाही, ही बातमी सासूबाईंना सव्वीस वर्षांनी कळत होती.

"उद्या सहाला उठ," त्या म्हणाल्या.

"आई, या वयात? आणि हाडबीड मोडलं म्हणजे?"

"हाडाचं मी बघते. तू उठ."

शनिवारी सहाला दोघी निघाल्या. सायकल सुनेच्या हातात आणि घडीची खुर्ची सासूबाईंच्या. जवळच बटणांचा एक बंद पडलेला कारखाना होता. त्याचं मागचं आवार चांगलं सपाट, सिमेंटचं. फटींतून अजून रंगीत बटणं सापडायची. सासूबाईंनी मधोमध खुर्ची मांडली, पिशवीतून कपड्यांचा चिमटा काढला आणि चेनमध्ये अडकू नये म्हणून सुनेच्या पँटची उजवी कड त्यात घट्ट पकडून टाकली.

मग शिकवणी सुरू झाली. शिकवायची त्यांची पद्धत तीस वर्षांच्या नोकरीत तयार झालेली होती.

"घाबरायचं नाही. लांब श्वास घे. खाली बघू नकोस, समोर बघ. हां, आता जोर लाव! अजून! अजून थोडा!"

"आई, मी बाळंत होत नाहीये!" सून हँडलवर आडवी होत ओरडली.

"सगळ्याच पहिलटकरणी असंच म्हणतात. लाव जोर!"

सायकल चार हात गेली आणि भिंतीला टेकली. पुन्हा चार हात, पुन्हा भिंत. आवारात शेजारच्या चाळीतली एक चिमुरडी तीन चाकांची सायकल चालवत होती. ती दोनदा सुनेला मागे टाकून गेली आणि तिसऱ्यांदा थांबून काळजीने म्हणाली, "मावशी, तुमचं तिसरं चाक कुठे पडलं?"

रविवारी नवराही आला. त्याने हात मागे बांधून एक फेरी मारली आणि सल्ले द्यायला सुरुवात केली. हँडल सैल धर. नजर लांब ठेव. तोल पोटातून सांभाळायचा असतो. सुनेने दात आवळून सगळं ऐकून घेतलं. ती तिसऱ्यांदा पडली तेव्हा तो म्हणाला, "अगं, किती सोपं आहे!"

"मग एक चक्कर मारून दाखवा की," ती खालूनच म्हणाली.

तो एकदम बुटाची नाडी बांधू लागला. सासूबाई खुर्चीत हलायला लागल्या. आधी खांदे हलले, मग पोट, मग सगळ्या खुर्चीसकट त्या हसत सुटल्या.

"त्याला कुठे येते! शिकवायला आणलं की हा झाडाला मिठी मारून बसायचा. दोन माणसं लागायची सोडवायला."

"आई, मी नऊ वर्षांचा होतो!"

"अकरा."

त्यानंतर नवरा खुर्चीच्या मागे उभा राहून फक्त पाण्याची बाटली धरायचं काम करू लागला, आणि ते त्याने मनापासून केलं.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी सून जोरात आपटली. गुडघा सोलून निघाला, तळहातात खडी रुतली. ती तिथेच सिमेंटवर बसून राहिली. डोळ्यांत पाणी आलं. गुडघ्यापेक्षा लाजेचंच जास्त.

"पुरे झालं, आई. मी बसनेच जाईन. मास्तर खोकले तर खोकू देत."

सासूबाई खुर्चीतून उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. तिच्याशेजारी त्या हळूच खाली बसल्या आणि पिशवीतून कापूस, औषध, पट्टी असं सगळं बाहेर आलं. कापूस फिरवताना त्यांचा हात इतका हलका होता की सुनेला चुरचुरलंसुद्धा नाही.

"मला कुणी शिकवली माहितीये?" त्या म्हणाल्या.

"कुणी?"

"कुणीच नाही. नोकरीच्या अर्जात विचारलं होतं, सायकल येते का. मी लिहिलं, येते. कसली येते! मिळाली सरकारी सायकल, तर चार दिवस हातात धरून चालत नेली. वस्तीच्या अलीकडे एक उतार होता. तिथे वर जाऊन बसायचं आणि सोडून द्यायची. लोकांना वाटायचं, काय झोकात येतात नर्सबाई! ब्रेक कुठे असतो तेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. दवाखान्याच्या दारात कडब्याचा ढीग असायचा, त्यात जाऊन थांबायचे."

सून गुडघा विसरून हसायला लागली.

"हे तुझ्या सासऱ्यांना पण नव्हतं सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "वर गेल्यावरही त्यांना अजून वाटत असेल, बायको जन्मतःच सायकलवर बसून आली."

त्या दिवशी दोघी घरी चालत आल्या, पण सुनेने वाटभर प्रश्न विचारले. पहिलं बाळंतपण कुठलं? भीती वाटली का? पेटीत काय काय असायचं? आणि सासूबाई सांगत होत्या.

शनिवारी तोल सापडला. कसा ते तिलाही कळलं नाही. ती भिंतीची वाट बघत होती आणि भिंत आलीच नाही. सायकल वळली. सबंध आवाराला एक फेरी झाली, मग दुसरी. सासूबाई खुर्चीवर उभ्याच राहायच्या, पण नवऱ्याने त्यांना वेळीच धरलं.

एक अडचण मात्र उरली. जमिनीवरून टांग टाकून निघणं तिला काही केल्या जमेना. डावा पाय फुटपाथवर किंवा एखाद्या पायरीवर टेकलेला असला तरच ती सुरू होऊ शकत होती. थांबणंही तसंच. पायरी दिसली तर थांबायचं, नाहीतर चालू राहायचं.

"स्टेशनापर्यंत फुटपाथ आहे ना? मग झालं तर," सासूबाईंनी निकाल दिला. "सोमवारी निघ."

सोमवारी सात वाजता सासूबाईंनी चाकं दाबून पाहिली, घंटी वाजवून पाहिली, चिमटा लावला आणि सुनेला डब्यासकट दारातल्या पायरीवरून रवाना केलं. नवरा टाकीवर गेला होता. जाताना तो तीनदा म्हणाला होता, सांभाळून.

सुरुवातीचा रस्ता झकास गेला. रोज स्कूटरवर नवऱ्याच्या पाठीआडून जे काही दिसायचं नाही ते सगळं आता समोर होतं. शिंप्याच्या दुकानावर अर्धी रंगवलेली पाटी. एका गॅलरीत दाढी करत गाणारा माणूस. त्याचे समोरचे दोन दात नवे आहेत, हे तिच्या जाता जाता लक्षात आलं. तिने कारण नसताना घंटी वाजवली आणि तो माणूस हसला.

पोस्टाच्या वळणावर पुढचा दुधाचा टेम्पो उलटा तिच्याकडे येऊ लागला. पायरी शोधायला वेळ नव्हता. तिने दोन्ही ब्रेक दाबले, दोन्ही पाय खाली टाकले आणि ती उभी राहिली. पडली नाही. पण आता निघायचं कसं? रस्ता खोदलेला, फुटपाथ उखडून ठेवलेला. ती सायकल धरून चालू लागली. घड्याळात साडेसात. पुढे बेकरी होती, तिला दोन दगडी पायऱ्या. पण पायरीवर बेकरीवाला स्वतःच उभा राहून झाडत होता.

"जरा सरकता का?" ती म्हणाली. "मला तुमची पायरी हवीये."

"घ्या की," तो म्हणाला, "पण कशाला?"

"निघायला."

त्याने तिच्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, झाडू भिंतीला टेकवला आणि मागून सीट धरली. "हं, बसा. मी धरतो. सोडा म्हणाल तेव्हा सोडतो."

"सोडा!" ती दहा पावलांवर ओरडली.

"केव्हाच सोडलंय!" मागून आवाज आला.

स्टेशन दिसलं तेव्हा रुळांवरून गाडीचा आवाजही यायला लागला होता. सायकलतळाच्या फाटकातून ती वेगाने आत शिरली. तळावरचा म्हातारा राखणदार स्टुलावरून उठला, पुढे आला आणि दोन्ही हातांनी हँडल धरून त्याने सायकल थोपवली. पट्टीचा माणूस. नवशिके रोज बघत असावा.

ती जिना चढून फलाटावर पोचली आणि सात बेचाळीसचा शेवटचा डबा तिच्या समोरून निघून गेला.

तिने धापा टाकत घरी फोन लावला. पहिल्याच घंटेला सासूबाईंनी उचलला.

"आई, गाडी चुकली!"

तिचा आवाज इतका आनंदी होता की सासूबाईंना क्षणभर उलटंच ऐकू आलं. "मिळाली?"

"चुकली! आख्खी चुकली! पण मी आले, आई! सायकलवर आले!"

मग सासूबाई म्हणाल्या, "घामाची उभी असशील. पाणी पी," आणि फोन ठेवला. शेजारच्या काकू त्यावेळी तिथेच होत्या. त्यांनी नंतर सांगितलं की फोन ठेवल्यावर सासूबाई स्वयंपाकघरात जाऊन आधी स्वतःच दोन पेले पाणी प्यायल्या.

सात सत्तावन्नच्या गाडीत तिला दाराजवळ जागा मिळाली. समोरच्या बाईने हळूच तिच्या पायाकडे बोट दाखवलं. चिमटा तसाच होता. सुनेने तो काढला नाही.

लॅबमध्ये मास्तरांनी घड्याळाकडे बघून खोकायची तयारी केलीच होती.

"आज सायकलवरून आले," ती म्हणाली. "स्टेशनापर्यंत. उद्यापासून वेळेवर येईन."

मास्तरांचं खोकणं घशातच राहिलं. त्यांनी मेणाची सुरी खाली ठेवली. "पुढचा ब्रेक आधी दाबता की मागचा?"

"दोन्ही."

"चुकताय. मागचा आधी," ते म्हणाले आणि पंधरा मिनिटं सायकलवर बोलले. एकोणीस वर्षांत ते कामाव्यतिरिक्त तिच्याशी पहिल्यांदाच एवढं बोलत होते. त्यांच्या खालच्या रांगेतली दाढ हलतेय हेही तिला तेव्हाच दिसलं. तिने ते सांगितलं. ते खूश झाले नाहीत, पण त्यांनी नोंद घेतली.

संध्याकाळी वारा समोरून होता. घरी पोचेपर्यंत तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि पायांचे तुकडे पडले होते. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी आधी सायकल तपासली, मग सुनेला. मग दोघी जिन्याच्या पायरीवरच बसल्या.

"पहिल्यापासून सांग," सासूबाई म्हणाल्या. "काही गाळू नकोस."

सुनेने सांगायला घेतलं. शिंप्याची पाटी झाली, दाढी करणारा झाला. टेम्पोपाशी सासूबाईंनी तिला दोनदा मागे नेलं. टेम्पो डावीकडून आला की उजवीकडून? तेव्हा तुझा कुठला पाय खाली होता? बेकरीवाला कोण, तोच का, ज्याच्या तीन मुली माझ्या हातच्या? नवरा टाकीवरून आला, दोघींना ओलांडून वर गेला आणि कपडे बदलून पुन्हा जिन्यात आला.

"जेवायचं काय?" त्याने विचारलं.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या, "आत्ता कुठे पोस्टापर्यंत आलोय."

थोड्या वेळाने त्याने वरून पुन्हा विचारलं. तेव्हा गोष्ट फलाटाच्या जिन्यावर होती. मग वरून कपाटं उघडल्याचे आणि भांडी पडल्याचे आवाज यायला लागले. एक झाकण बराच वेळ फरशीवर गरगरत राहिलं.

"मीठ कुठे आहे?" तो ओरडला.

"शोध!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि सुनेने पुढे सांगायला सुरुवात केली.