कौतिकनानांचा हात

कौतिकनानांच्या हाताबद्दल चोपड्याच्या आसपास जे सांगत, त्यातलं निम्मं जरी खरं धरलं तरी लोहारांनी सांडश्या मोडीत काढायला हव्या होत्या. नाना म्हणे विडी पेटवायला चुलीतला निखारा तळहातावर घेत आणि तो विझेस्तोवर शेजाऱ्याशी कपाशीचं बोलत बसत. एकदा तर त्यांनी तापलेला फाळ उचलून लोहारालाच विचारलं, हा थंड कधी केलास? फाळाचं नानांनीच पसरवलं होतं. निखाऱ्याला मात्र साक्षीदार होते.

हिवाळ्यात मळ्यात भरीत असलं की कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळातून वांगी काढायचा मान नानांचा. चिमटा नाही, फडकं नाही. अलीकडे तर हात आणखीच तयार झालाय, असं ते मिशीला पीळ देत सांगत.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात जावई भरताला आला. मगन धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवायचा, बोलायला मऊ. नानांनी जाळातलं वांगं काढलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या तळहातावर ठेवलं. मगनचा हात झटकन मागे आला, वांगं मातीत पडलं.

"जावईबापू, हात शे का लोणी शे?"

अख्खा मळा हसला. पोरगी कुंदा पदराआड हसली, तेही मगनला दिसलं. नाना तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसता वास सुटला. वांग्याचा नव्हे. नानांच्या करंगळीला पेटती काडी चिकटली होती, कातडं करपत होतं, आणि नाना हसतच होते. मगननं झेप घेऊन काडी उडवली, भाजलेल्या हातानंच.

कुंदा रडली म्हणून नाना धुळ्याच्या डॉक्टरकडे आले, नाहीतर आले नसते. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले आणि टाचणी लागली की सांगा म्हणाले. जावई शेजारी उभा. त्याच्यापुढे हार कशी खायची? नाना दर थोड्या वेळानं ठणकावून सांगत राहिले, लागली. शेवटची "लागली" म्हणून त्यांनी डोळे उघडले तर टाचणी टेबलावर पडलेली आणि डॉक्टर चष्मा पुसत बसलेले. मगन खिडकीबाहेर बघायला लागला. तो हसला असता तर परवडलं असतं. त्या बाहेर बघण्यानं नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी कोपराजवळची नस चाचपली. सुतळीसारखी जाड लागत होती. महारोग आहे, म्हणाले. गोळ्यांनी आजार थांबेल, चारचौघांत बसायला हरकत नाही, पण गेलेली जाणीव परत येईलच असं नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर नानांनी विचारलं, मग इतकी वर्षं जे होतं, ते काय होतं? मगननं वर्गात सांगावं तसं सांगितलं. नसेत बारीक तंतू असतात. तंतूच्या पापुद्र्याच्या आत एक क्षार जास्त, बाहेर दुसरा, म्हणून आतबाहेर विजेचा फरक टिकून राहतो. चटका बसला की पापुद्र्यातली दारं उघडतात, बाहेरचा क्षार आत घुसतो, तेवढ्या जागची वीज उलटते. त्या झटक्यानं पुढची दारं उघडतात, मग त्यापुढची; पऱ्हाट्यांच्या ढिगात एका काडीनं दुसरी पेटावी तसं. चटका मोठा म्हणून झटका मोठा होत नाही, नुसते झटके भराभर निघतात. तुमचे तंतू कोपरापाशी खराब झालेत, म्हणून निरोप तिथेच मरतो.

"आणि हात मागे येतो तो?" नानांनी बाकाकडे बघत विचारलं.

"तो हुकूम पाठीच्या कण्यातूनच सुटतो, नाना. आपल्याला कळायच्या आधी. तिथं माणसाला कुणी विचारत नाही."

म्हणजे त्यात भित्रेपणा नव्हता. आणि निखारा धरण्यात छातीही नव्हती. नानांनी तो हात धोतराच्या सोग्याखाली सरकवला. मग हळूच विचारलं.

"जावईबापू, चटका बसस तव्हय कसं वाटस? मी इसरी गऊ."

तंतूची सगळी वाट सांगणाऱ्या मास्तरनं आपल्या भाजलेल्या तळहाताकडे बघितलं. आधी काहीच नाही, म्हणाला, मग एकदम सगळं तिथंच गोळा होतं. रात्री ठणकतं. दोन दिवसांनी उतरतं.

"आनी बठ्ठा हासतस, तव्हय?"

सगळे हसले त्या दिवसाचं विचारताहेत हे कळून मगननं पहिल्यांदाच सासऱ्याकडे सरळ बघितलं.

"ते उतरत नाही, नाना."

नानांनी मान हलवली, पण वर केली नाही.